उकळायचं पाणी, धुवायचं पाणी

“एवढं पाणी नुसतं बाटल्या शिजवायला घालायलीस व्हय बाई?”

आजी गॅसपाशी उभी राहून विचारत होती आणि मी घड्याळाकडं बघत होते. पातेल्यात सहा बाटल्या, सहा निपलं, सहा रिंगा आणि तीन लिटर पाणी. उकळी फुटल्यापासून १० मिनिटं मोजायची, असं दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर लिहून दिलं होतं. आजीला मी तो कागद वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतलं, पातेल्यात एकदा वाकून बघितलं आणि म्हणाली, “मग शिजव.” पण जाताना टिपाडाचं झाकण उचलून आत किती पाणी उरलंय ते बघूनच गेली.

साल २०१६, मार्च महिना, गाव लातूर. त्या उन्हाळ्यात लातुरात राहिलेल्या माणसाला यापुढं काही सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते. शहराला पाणी देणारं मांजरा धरण, बीड जिल्ह्यातल्या धनेगावचं, कोरडं पडलं होतं. पाणी भरायच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून त्या महिन्यात जिल्हा प्रशासनानं जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं. आमच्या गल्लीत टँकर आठ-नऊ दिवसांनी यायचा आणि घरटी एक टिपाड, म्हणजे २०० लिटर, भरून द्यायचा. घरात आई, बाबा, आजी, मी आणि दोन तान्ह्या पोरी. प्यायला जार विकतचा. बाकी सगळं त्या टिपाडावर आणि शेजारच्या बोअरला धार येईल तेव्हा मिळणाऱ्या चार घागरींवर.

पोरी जुळ्या. जानेवारीच्या शेवटी, ३४ व्या आठवड्यातच झाल्या. मोठी १ किलो ८०० ग्रॅम, धाकटी १ किलो ६००. दोन आठवडे दोघी काचेच्या पेटीत होत्या. माझं दूध दोघींना पुरत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी आधी अंगावर आणि उरलेल्या भुकेला पावडरचं दूध, असं ठरवून दिलं. तेही वाटी-चमच्यानं पाजा, बाटली शक्यतो नको, असं त्यांनी बजावलं होतं. वाटी-चमचा धुवायला सोपा, आत कुठं दूध दडून बसत नाही. आम्ही तीन आठवडे तसंच पाजलं. पण रात्री दोन वाजता दोन लेकरं एकदम रडायला लागतात आणि एकेकीला ५० मिली चमच्यानं पाजायला पाऊण तास लागतो, तेव्हा दुसरी तोवर रडून रडून निळी पडते. चौथ्या आठवड्यात मी बाबांना बाटल्या आणायला सांगितल्या.

बाबा मेडिकलमध्ये गेले, तर बाटल्या कुठं मांडलेल्याच दिसेनात. मग दुकानदारानं खालच्या कप्प्यातून काढून दिल्या. आपल्याकडं १९९२ च्या कायद्यानं दूध पाजायच्या बाटलीची जाहिरात करायला बंदी आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी विज्ञानाची शिक्षिका, त्यामुळं बाटली हातात येताच तळाचा त्रिकोण बघितला. त्यात ५ आकडा होता, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, उकळत्या पाण्याला टिकणारं. आधीच्या काळात बाटल्या पॉलिकार्बोनेटच्याही असायच्या. गरम झाल्यावर त्यातून बीपीए नावाचं रसायन दुधात उतरतं म्हणून भारतीय मानक ब्यूरोनं २०१५ मध्ये लेकरांच्या बाटल्यांसाठी ते बंद केलं.

तर बाटल्या आल्या आणि पातेलं आलं.

उकळणं ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. बाटली पाण्यात सोडली की ती तरंगते, तिच्या खांद्यापाशी हवेचा फुगा अडकतो, आणि त्या फुग्याच्या आतल्या भागाला पाणी लागतच नाही. बाटली तिरपी करून, आतली हवा बुडबुड काढून, मग वर स्टीलची ताटली दाबून ठेवावी लागते. निपलं तळाला टेकली तर करपतात, म्हणून ती शेवटची पाच मिनिटं टाकायची, की दहाही मिनिटं टाकायची यावर माझा आणि आईचा रोज वाद. दहा मिनिटंच बरोबर. पण आपण आणलेलं निपल पिवळ्या रबराचं असेल तर ते रोजच्या उकळण्यानं पंधरा-वीस दिवसांत चिकट होतं, सुजतं, त्याचं भोक मोठं होतं. पांढरं पारदर्शक सिलिकॉन जास्त टिकतं. हे आम्हाला दोन जोड वाया गेल्यावर कळलं.

लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. आमच्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळत होतं. त्यानं काही बिघडत नाही, हगवणीचे जंतू त्याच्या कितीतरी आधी मरतात. आणि खरं बोलायचं तर ‘निर्जंतुक’ हा शब्द घरच्या कुठल्याच पद्धतीला पुरता लागू होत नाही. काही जंतूंची बीजं उकळत्या पाण्यातही जगतात. ती मारायला दवाखान्यातलं वाफेचं यंत्र लागतं, दाबाखाली १२१ अंशांचं. लेकराला तेवढ्याची गरज नसते. त्याला कालच्या दुधात वाढलेले जंतू आज पोटात जाऊ नयेत एवढंच हवं असतं. कालच्या दुधाबद्दलचं हे वाक्य मी वर्गात शिकवावं तसं आईला सांगितलं होतं, आणि नेमकं तेच माझ्या ध्यानातून सुटलं.

आठवडाभरात बाटल्या पांढऱ्या पडल्या. बाहेरून पीठ भुरभुरल्यासारख्या आणि आतून धुरकट. आईला वाटलं दूध राहिलंय, म्हणून तिनं पुन्हा उकळल्या, तर आणखी पांढऱ्या झाल्या. ते दूध नव्हतं, आपला मराठवाड्याचा खडक होता. इथं जमिनीखाली काळा बेसॉल्ट, पाणी त्याच्या भेगांत साठलेलं, आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त. दुष्फेन पाणी म्हणतो ते हेच, ज्यात साबणाला फेस येत नाही. असं पाणी उकळलं की त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं आणि खडूसारखा थर भांड्यावर बसतो. चहाच्या पातेल्याच्या कडेला बसतो तोच. खुद्द तो थर लेकराला बाधत नाही, पण त्यानं गुळगुळीत बाटली खरबरीत होते आणि खरबरीत जागी दुधाचा स्निग्धांश धरून बसतो. दूध डेअरीतली माणसं हे चांगलं ओळखून असतात, त्यांची भांडी त्यासाठी आम्लानं धुतात. आम्ही लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, वापरलं. एक चमचा पाण्यात घालून बाटल्या अर्धा तास बुडवल्या की थर आपोआप सुटायचा, मग साध्या पाण्यानं खळखळून घ्यायचं.

खळखळून घ्यायचं, असं लिहिताना अजून हात थबकतो. कशानं खळखळायचं?

उकळून झालेलं पाणी आम्ही फेकत नव्हतो. लातुरात त्या वर्षी कुणीच काही फेकत नव्हतं. भाजी धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं फरशीला, फरशीचं संडासाला. बाटल्यांचं उकळलेलं पाणी गार झालं की आई त्यात दुपारची ताटं विसळायची. सकाळी तीन लिटर, संध्याकाळी तीन लिटर. एवढं पाणी खर्चून आपण लेकरांसाठी सगळं करतोय, याचं मला मोठं समाधान होतं.

मधे आशाताई येऊन गेल्या. कमी वजनाच्या लेकरांकडं त्यांचं जास्त लक्ष असतं. त्यांनी पिण्याच्या पाण्यात टाकायला मेडिक्लोरची, म्हणजे क्लोरिनच्या थेंबांची, छोटी बाटली दिली. मी लगेच विचारलं, दुधाच्या बाटल्या यातच बुडवल्या तर? गॅस वाचेल. कल्पना चुकीची नव्हती. क्लोरिनच्या पाण्यात बाटल्या अर्धा तास पूर्ण बुडवून ठेवायची पद्धत जगभर चालते. पण त्या द्रावणाची मात्रा वेगळी. पिण्याच्या पाण्यात शेवटी लिटरला अर्ध्या मिलीग्रॅमपर्यंत क्लोरिन उरावं लागतं. बाटल्यांच्या द्रावणात ते सव्वाशे मिलीग्रॅमच्या आसपास असतं. पिण्याच्या पाण्याइतके थेंब टाकून बाटल्या बुडवल्या तर काही साधत नाही, आणि ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजानं घेतली तर किती पडली याचा पत्ता लागत नाही, कारण डबा उघडला की तिचा जोर रोज उतरत जातो. बाटल्यांसाठीच्या मोजून घ्यायच्या गोळ्या किंवा द्रावण मिळालं तरच हे करावं. शिवाय ते पाणी दर २४ तासांनी बदलायचं, भांडं झाकून ठेवायचं आणि बाटलीत दुधाचा अंश असेल तर क्लोरिन त्या दुधावरच खर्च होऊन जातो. आमच्याकडं रोज नवं पाच लिटर पाणी ओतणं परवडणारं नव्हतं. मी तो नाद सोडला. पण दुधाचा अंश असेल तर ते काम करत नाही हे आशाताईंनी सांगितलेलं मी तिथंच ऐकून सोडून द्यायला नको होतं.

आजी मात्र पातेल्याकडं बघून समाधानी नव्हती. एका दुपारी तिनं तिची ट्रंक उघडली आणि चिंधीत गुंडाळलेलं बोंडलं काढलं. आताच्या पोरींनी बोंडलं बघितलेलं नसेल. चांदीची मूठभर वाटी, वरून निम्मी झाकलेली, आणि एका अंगाला करंगळीएवढी बारीक नळी. वाटीत दूध घालायचं, नळीचं टोक लेकराच्या ओठाला लावायचं आणि हलकं तिरपं करायचं. आजीच्या सासूनं आणलेलं. माझ्या बाबांना, आत्याला, काकांना त्यानंच दूध, पाणी, बाळकडू पाजलेलं.

“ह्यानं पाज. रबर नको लेकराच्या तोंडात.”

मी नळीकडं बघून म्हटलं, “आजी, हे आतून धुवायचं कसं?”

तिनं काही न बोलता देव्हाऱ्यातला कापूस घेतला. तळव्यावर पीळ देऊन लांब वात वळली, अशी घट्ट की तिचं टोक सुईसारखं उभं राहिलं. ती वात नळीच्या आत सारली. दुसऱ्या बाजूनं टोक बाहेर येताच दोन बोटांत धरून ओढली. वात आत गेली तेव्हा पांढरी होती, बाहेर आली तेव्हा तिच्यावर करड्या रंगाची रेघ होती, इतक्या वर्षांची. तिनं ती वात टाकली, दुसरी वळली, पुन्हा ओढली. तिसरी पांढरीच बाहेर आली तेव्हा थांबली. “दर खेपेला अशी वढायची. आंदी गार पाण्यानं, मग राखंनं, मग वात. मग कढत पाणी वरून.”

गोवरीच्या राखेत क्षार असतात, ते स्निग्धांशाला धरतात आणि साबणासारखं काम करतात. गार पाणी आधी का, तर गरम पाणी आधी लावलं की दुधातलं प्रथिन गोठून चिकटतं. कढत पाणी शेवटी का, ते तर सगळ्यांना माहीत आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं सगळा क्रम अचूक सांगितला होता. मी तिला “हो” म्हटलं आणि बोंडलं ओट्यावरच्या फळीवर ठेवून दिलं. नळी धुण्याचा भरवसा वाटला नाही म्हणून. एकोणिसाव्या शतकात युरोपात लांब रबरी नळी लावलेल्या बाटल्या निघाल्या होत्या, लेकरू झोपल्या झोपल्या दूध ओढू शकायचं, पण नळी आतून धुता यायची नाही. त्यात वाढलेल्या जंतूंनी कितीक लेकरं दगावली. शेवटी फ्रान्सनं १९१० मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. माझ्या डोक्यात ते होतं. आजीच्या वातीकडं मी नीट बघितलंच नाही.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा टाक्या, पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी. पहाटे स्टेशनवर गर्दी उसळली होती म्हणे. बाबांनी पेपर आणला, तो पोरींना मांडीवर घेऊन मी वाचला. त्यात एक छोटी बातमी होती, की या टाक्यांचे डबे पाणी भरण्याआधी राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेनं धुऊन घेतलेत. मी ती ओळ दोनदा वाचली, मग धाकटी उठली आणि पेपर बाजूला पडला.

त्यानंतरच्या आठवड्यात मोठीला हगवण लागली.

सकाळी दोनदा, दुपारपर्यंत पाचदा, रात्री मोजणं सोडलं. अडीच महिन्यांचं, नुकतं अडीच किलोच्या पुढं गेलेलं लेकरू. टाळू खाली गेल्यासारखी वाटायला लागली आणि मी रिक्षात बसले. डॉक्टरांनी वजन केलं, १५० ग्रॅम कमी भरलं. ओआरएस कसं द्यायचं ते सांगितलं, झिंकची मात्रा १४ दिवस लिहून दिली, अंगावरचं दूध अजिबात बंद करू नका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “बाटली आणली आहे का?”

मी पिशवीतून बाटली काढली. सकाळीच दहा मिनिटं उकळलेली. मी तेही सांगितलं. त्यांनी रिंग फिरवून निपल वेगळं केलं, बोटावर उलटं केलं, जसं आपण मोजा उलटा करतो. आणि निपलच्या आतल्या कडेवरून, जिथं ते रिंगेत बसतं त्या खाचेतून, अंगठ्याचं नख फिरवलं. नखावर पिवळसर, मऊ, लोण्यासारखा थर आला. त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

“हे दूध शिजवलंय तुम्ही. धुतलं नाही.”

आवाजात राग नव्हता. पण त्या नखाकडं बघताना मला आजीची पहिली वात आठवली, करडी रेघ असलेली.

हगवण त्यानंच लागली असं डॉक्टर ठामपणे म्हणाले नाहीत. टँकरचं पाणी होतं, ४२ अंशांचं ऊन होतं, माश्या होत्या. पण तो थर तिथं असायला नको होता आणि तो मी ठेवला होता. घरी येऊन मी ओट्यापाशी बसले आणि आमचा दिवस पुन्हा आठवून बघितला. रात्रीच्या बाटल्या पाजून झाल्या की आम्ही त्या घमेल्यात टाकायचो, कारण भांड्यांचं पाणी एकदाच काढायचं, सकाळी. पाच-सहा तास दूध आत वाळायचं. सकाळी प्रत्येक बाटलीत अर्धा पेला पाणी घालून झाकण लावून हलवायचं, ओतायचं, की सरळ पातेल्यात. निपल आम्ही कधी उलटं केलंच नव्हतं. उकळल्यावर आजीच्या जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यानं आतून कोरडं करायचं. तो तुकडा दिवसभर खुंटीवर ओला लटकलेला असायचा.

हिशोब सरळ होता. दिवसाला सहा लिटर पाणी उकळायला आणि सगळ्या बाटल्या मिळून जेमतेम लिटरभर धुवायला. पाणी वाचवायची वेळ आली तेव्हा मी ते धुण्यातून वाचवलं होतं, कारण उकळणं दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं होतं, मोजून मिनिटांत, आणि धुणं आपल्याला येतंच असं धरलं होतं.

तेव्हा मला कोट्याची ती बातमी आठवली. रेल्वेच्या एवढ्या मोठ्या टाक्या वाफेनं साफ होतात, आणि वाफेला पाणी किती लागतं? शाळेत अप्रकट उष्मा दरवर्षी शिकवत आले होते. १ ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला १०० कॅलरी लागतात, आणि १ ग्रॅम वाफ पुन्हा पाणी होताना ५४० कॅलरी सोडते. वाफ गार बाटलीला लागते, तिथंच थेंब होते आणि ती सगळी उष्णता बाटलीला देते. म्हणून वाफेचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा भारी. विजेवरची निर्जंतुकीकरणाची मशीनं हेच करतात, तळाच्या तव्यावर पेलाभरापेक्षाही कमी पाणी घालायचं, ते आपोआप उकळून संपतं. पण आमच्याकडं लाईट दुपारी जायची, आणि आईनं माळ्यावरून इडलीपात्र काढलं.

तळाला जारचं पाणी एक पेला, म्हणजे पाव लिटर. इडलीच्या ताटल्या काढून त्यांच्या जागी उंच पायाची भोकाची चाळणी. त्यावर बाटल्या तोंड खाली करून, निपलं आणि रिंगा सुट्या. झाकणाच्या कडेनं जोरात वाफ यायला लागली की तिथून १० मिनिटं, मध्यम आचेवर, आणि गॅस बंद केल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही. डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. ते म्हणाले, चालेल, पाणी आटून पात्र कोरडं तापू देऊ नका आणि बाटल्या एकीवर एक दाटू नका. आम्ही दिवसातून तीनदा लावायला लागलो. तीन पेले, पाऊण लिटर. आणि उकळण्यातून वाचलेलं सव्वापाच लिटर धुण्याला.

ते पाच लिटर मिळाल्यावर काय काय करता आलं म्हणून सांगू! पाजून झालं की लगेच, रात्रीचे तीन असले तरी, बाटली, रिंग, निपल सुटं करून गार पाण्यानं खळखळून घ्यायचं. मग भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब, कारण वडीचा साबण आमच्या पाण्यात फुटतो आणि त्याचीच साय बाटलीला बसते. बाटलीला लांब ब्रश, निपलला करंगळीएवढा वेगळा ब्रश, निपल उलटं करून ती खाच आणि भोक. भोकातून पाण्याची धार सरळ निघते का ते बघायचं. पुन्हा दोनदा पाणी. या सगळ्याआधी स्वतःचे हात, नखांसकट. कोरडं करायला कापड नाही, झटकून तशीच पात्रात. लुगड्याचा तुकडा मी आजीला परत दिला. तिनं विचारलं नाही का म्हणून.

आणि एक गोष्ट, जी बाटलीइतकीच महत्त्वाची आहे आणि फारसं कुणी बोलत नाही. पावडरचं दूध स्वतः निर्जंतुक नसतं. डबा सीलबंद असला तरी त्यात क्वचित असे जंतू असू शकतात जे अपुऱ्या दिवसांच्या आणि अगदी तान्ह्या लेकरांना जिवावर बेततात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सांगितलं, की पावडर ७० अंशांच्या खाली न गेलेल्या पाण्यात कालवायची, कोमट पाण्यात नाही. पाणी खळखळ उकळून, साधारण अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, मग बाटली गार पाण्याच्या वाटीत धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. तयार दूध दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. आम्ही थर्मासमधलं सकाळचं कोमट पाणी वापरत होतो. बाटली कितीही वाफवली असती तरी ही फट उघडीच राहिली असती.

मोठी सहा दिवसांत सावरली. धाकटीला काही झालं नाही.

किती महिने हे करायचं, यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. ब्रिटनमध्ये वर्षभर करायला सांगतात. अमेरिकेत आता म्हणतात की दोन महिन्यांखालचं, अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी लेकरू असेल तर रोज करा, मोठ्या निरोगी लेकराला नीट धुतलेलं पुरे. मी वर्षभर केलं. ज्या घरात नळाला रोज शुद्ध पाणी येतं तिथला नियम टँकरवर जगणाऱ्या घराला लावू नये, असं माझं मत आहे आणि ते अजून बदललेलं नाही. नवव्या महिन्यात दोघी रांगत रांगत उंबऱ्यावरची माती तोंडात घालायच्या, तरी मी संध्याकाळी इडलीपात्र लावायची. माती वेगळी आणि सहा तास उबेत राहिलेलं दूध वेगळं.

हे सगळं आता आठवायचं कारण, परवा निलंग्याहून मामेबहिणीचा फोन आला. आठवा लागलाय तिला. तिनं मोबाईलवर मशीनं बघून ठेवलीत, वाफेचं, वाळवणारं, निळ्या दिव्याचं. निळ्या दिव्याचं, म्हणजे अतिनील किरणांचं, मी नको म्हटलं. तो उजेड जिथं पडतो तिथंच काम करतो, खाचेत पडत नाही. मायक्रोवेव्ह तिच्याकडं नाही.

“मग वाफेचं घेऊ ना ताई?”

“आधी सांग, पाणी कुठलं येतंय तुझ्याकडं?”

“वापरायला बोअरचं. प्यायला जार.”

“बोअरचं कसंय? साबणाला फेस येतो का?”

“कुठला फेस. बकेटीला खडूच बसायलाय.”

मी तिला लिहून घे म्हटलं. मशीन घेतलंस तर त्यात बोअरचं पाणी घालू नको, आठवड्यात तवा पांढरा होईल. लिंबाचं फूल आणून ठेव. लाईट जाते तेव्हासाठी इडलीपात्र असू दे. वाटी-चमचा दोन जोड जास्त घे आणि जमेल तोवर त्यानंच पाज, बाटलीची घाई करू नको. अंगावरचं पुरलं तर यातलं काहीच लागणार नाही, आणि बहुतेक पुरेल, तुझं एकच लेकरू आहे. ब्रश मात्र आजच घे. दोन. एक लांब, एक करंगळीएवढा.

ती लिहीत होती. मधेच थांबली.

“ताई, इडलीपात्रात ठेवल्या तर बाटल्यांना वास नाही का येणार?”

“पात्र नीट घासलं तर नाही येत,” मी म्हटलं.